इराणी कलमदानं आणि त्यांच्यावरची चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलमदानांबद्दल लिहायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. प्रत्येकाला निम्मंच उत्तर देण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी निदान ‘चित्र बघायचं कसं’ हा प्रश्न वाचावा. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तिथे आहे.

कलमदान म्हणजे नक्की काय?

बोरू, दौत आणि लिहिण्याचं बाकीचं सामान ठेवायची लांबट, अरुंद पेटी. शब्द आपल्याला परका नाही. पानदान, अत्तरदाणी, गुलाबदाणी या शब्दांत जे ‘दान’ आहे तेच इथे आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशातही कलमदान सापडतं. इराणात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही पेटी बहुधा कागदाची असे. तिच्यावर चित्रं रंगवत आणि वरून रोगण चढवत. लांबी २० ते २५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभर. रुंदी जेमतेम ४ सेंटीमीटर. दोन्ही टोकं गोलाकार. बाहेर खोळ आणि तिच्या आत सरकणारा खण, असे दोन भाग. खणाचं एक टोक बाहेर दिसतं, आणि खोळीवरची नक्षी त्या टोकावर अशी पुढे नेलेली असते की खण बंद असताना सांधा चटकन डोळ्यांत भरत नाही.

इराणी मिर्झा, म्हणजे लेखनिक, ती कमरेला गुंडाळलेल्या शालीत खोचून हिंडत. वजिराच्या बाबतीत ती अधिकाराची खूणही होती. काजार राजघराण्याच्या काळात शाहाकडून रत्नजडित कलमदान मिळणं हा मोठा मान समजला जाई.

आत काय काय असायचं?

तीन-चार बोरू, ते तासायला छोटा चाकू, टोक छाटताना खाली धरायची हाडाची किंवा हस्तिदंताची पट्टी, कागद कापायची लांब पात्यांची कात्री, दौत, आणि दौतीत पाणी घालायला इवलासा चमचा. दौत पितळेची किंवा चांदीची, खणाच्या एका टोकाला बसवलेली. शाई काजळी आणि गोंदाची. दौतीत रेशमाचा बोळा असे, म्हणजे बोरू बुडवला तर हवी तेवढीच शाई टोकाला लागते आणि पेटी कलंडली तरी कपडे खराब होत नाहीत. बोरूसाठी इराणच्या खुझिस्तान प्रांतातल्या देझफूलचा देवनळ नावाजलेला होता.

याला लाखकाम म्हणायचं का?

सवयीने सगळेच म्हणतात, पण यात लाख नाही. इंग्रजीतला ‘लॅकर’ हा शब्द आपल्या लाक्षेवरूनच गेलेला, आणि पुढे चिनी-जपानी झाडाच्या चिकापासून केलेल्या कामालाही तोच चिकटला. इराणी कलमदानावर या दोन्हींपैकी काहीच नसतं. तिथे असतं सांदरूस नावाचा राळेसारखा डिंक आणि जवसाचं तेल एकत्र कढवून केलेलं पारदर्शक रोगण. फारसीत त्याला ‘रोगन-ए-कमान’ म्हणतात, कारण आधी ते धनुष्यांवर चढवत. आपण रंगाऱ्याला “दाराला रोगण मारून दे” म्हणतो ते रोगण याच शब्दातून आलेलं आहे. म्हणून मी ‘रोगणी कलमदान’ म्हणतो. इराणीही त्याला ‘रोगनी’च म्हणतात.

ते बनवत कसं?

लाकडी साच्यावर कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवत जायचे, नाहीतर कागदाचा लगदा थापायचा. वाळला की घोटून गुळगुळीत करायचा आणि साच्यावरून उतरवायचा. त्यावर खडूसारख्या पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा, पुन्हा घोटायचं, रोगणाचा एक हात द्यायचा, आणि मग चित्र. रंग पाण्यातले, म्हणजे लघुचित्रांत वापरत तेच. सोनं वर्ख कुटून केलेलं. काही ठिकाणी जमीनच, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, चमचमती दिसते. तिथे सुवर्णमाक्षिकासारख्या खनिजाची पूड रोगणात विरघळल्यासारखी पसरलेली असते. चित्र झालं की रोगणाचे पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा.

या शेवटच्या कामात सगळा जीव आहे. रोगण रंगाला संरक्षण देतं हे झालंच, पण ते रंगाला खोलीही देतं. कोरड्या कागदावरचा लाल आणि रोगणाखालचा लाल यांत वाळलेल्या आणि ओल्या खड्याइतका फरक असतो.

आधीपासून कलमदानं कागदाचीच होती का?

नाही. त्याआधी पितळेची होती, चांदी-तांब्याची जडणघडण केलेली. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात खुरासानचा वजीर मज्द अल-मुल्क याच्यासाठी शाझी नावाच्या कारागिराने १२१०-११ मध्ये घडवलेलं कलमदान आहे. त्याच्यानंतर दहाच वर्षांत मंगोल स्वाऱ्यांनी खुरासान उद्ध्वस्त झाला. रोगणाखाली चित्र रंगवायची रीत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेरातला, तैमूरी दरबारात, पुस्तकांच्या बांधणीवर बहरली. कलमदानावर ती जोमाने आली ती सफवी राजांच्या राजधानीत, इस्फहानात.

चित्र बघायचं कसं? मला तर फोटोत नुसती गर्दी दिसते.

कारण फोटो वरून काढलेला असतो, आणि कलमदान वरून बघायची वस्तू नाही. ती हातात धरून फिरवायची आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मी एका कलमदानासमोर बराच वेळ उभा होतो. वरच्या बाजूला लंबगोल चौकटीत एक तरुणी, आजूबाजूला सोनेरी वेलबुट्टी. सुंदर, पण समोरचा फलक वाचून पुढे जावं इतपतच. मग खाली वाकलो आणि काचेच्या कडेला डोळा नेला. बाजूच्या पट्टीवर, जिची उंची माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा फारशी जास्त नसेल, एक अख्खं गाव होतं. दूर निळसर डोंगर, पूल, पुलावरून जाणारा गाढववाला, झाडाखाली दोन माणसं बोलत बसलेली. त्यांतल्या एकाने हात पुढे केला होता आणि त्या हाताला पाचही बोटं होती. गोल टोकाशी येऊन ती वाट वळत होती आणि पलीकडच्या बाजूला जात होती. ती पुढे कुठे जाते ते मला दिसेना, कारण पेटी काचेत होती.

म्हणून क्रम असा धरा. आधी वरची बाजू : इथे मुख्य प्रसंग असतो, बहुधा तीन चौकटींत वाटलेला. मग दोन्ही कडा डावीकडून उजवीकडे, टोकं न वगळता. मग तळ. तळावर चित्र क्वचितच असतं. तांबड्या किंवा काळ्या जमिनीवर सोनेरी वेल असते, आणि खणाच्या बाजूंवरही तशीच. तळाचं काम निगुतीने केलेलं असेल तर चित्रकार मन लावून बसला होता असं मी समजतो. मालकाच्या हातात पेटी रोज फिरणार, तिचा तळ त्याच्या तळव्याला लागणार, हे त्या माणसाला माहीत होतं.

गुलाब आणि बुलबुल इतक्या वेळा का?

फारसी कवितेत बुलबुल हा प्रियकर आणि गुलाब ही प्रेयसी. तो गातो, तिला काटे आहेत, ती उमलते आणि चार दिवसांत झडते. सूफी वाचकाला त्यात जीव आणि ईश्वर दिसतात. गझल वाचणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते : फारसीतला बुलबुल म्हणजे आपल्या अंगणात येणारा शेंडीवाला, लालबुड्या बुलबुल नव्हे. तो साधा तपकिरी, गोड गळ्याचा, रात्रीही गाणारा वेगळाच पक्षी आहे. चित्रकारांनी त्याला रंगीत पिसं दिली ती आपल्या आनंदासाठी.

अठराव्या शतकातल्या अली अशरफचे गुलाब एकदा बघितले की विसरत नाहीत. काळसर जमिनीवर पाकळी अशी उलगडते की तिची कड उजेडात आणि गाभा सावलीत. सोबत नर्गिस, आयरिस, हेझलनटची डहाळी, एखादं फुलपाखरू. शिराझच्या लुत्फ अलीची फुलं एकोणिसाव्या शतकातली, अधिक मोकळी. मला स्वतःला अली अशरफ जास्त आवडतो.

एक म्हातारा, एक तरुणी आणि डुकरं, ही गोष्ट कोणती?

शेख सनआन. फारसी सूफी कवी अत्तार याच्या ‘मंतिक-उत-तैर’ या काव्यातली कथा, आणि कलमदानांवर ती कितीतरी वेळा येते. मक्केतला मोठा शेख, चारशे शिष्य असलेला, स्वप्न पडल्यामुळे रूमच्या, म्हणजे बायझंटाईन साम्राज्याच्या, मुलखात जातो आणि सज्जात उभ्या असलेल्या ख्रिस्ती मुलीच्या प्रेमात पडतो. तिच्यासाठी दारू पितो, धर्म सोडतो, वर्षभर डुकरं राखतो. शिष्यांच्या प्रार्थनेने तो परत येतो. मग ती मुलगीच त्याच्या ओढीने मागे निघते, त्याचा धर्म स्वीकारते आणि प्राण सोडते.

चित्रकाराला ही कथा का आवडावी हे चित्र बघितलं की कळतं. एकाच प्रसंगात त्याला युरोपी पोशाखातली सुंदरी रंगवता येते, पांढऱ्या दाढीचे, हवालदिल झालेले शिष्य रंगवता येतात आणि सज्जाची इमारतही. शेखाचा चेहरा बघा. चांगल्या हाताचा चित्रकार असेल तर तो वेडा झालेला दिसत नाही. तो शांत असतो. गोंधळलेले असतात ते बाकीचे.

बाकीच्या कथा ओळखायच्या कशा?

प्रत्येकीची एक खूण असते. पाण्यात अंघोळ करणारी स्त्री आणि घोड्यावर बसून तिच्याकडे बघणारा राजपुत्र : निजामीच्या काव्यातले खुस्रो आणि शिरीन. खुस्रोचं बोट ओठाशी असतं. आपण “तोंडात बोट घातलं” म्हणतो अगदी तसंच, आणि फारसीतही त्याला ‘आश्चर्याचं बोट’च म्हणतात. हाडं दिसणारा माणूस आणि सभोवती रानातली जनावरं : मजनू. हातात फळ आणि सुरी घेतलेल्या बायका : युसुफ आणि झुलेखा, युसुफचं रूप बघून त्या फळाऐवजी बोटं कापून घेतात. सिंहासनाभोवती पक्षी, प्राणी, शिंगं असलेले जिन्न : सुलेमान. पुस्तकं आणि हुक्का घेऊन झाडाखाली बसलेले दरवेश कुठल्या कथेतले असतीलच असं नाही. ते तसेही रंगवत.

मरियम आणि बाळ येशू इराणी पेटीवर कसे?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा सूर चकित झालेला असतो. मरियम आणि ईसा कुरआनात आहेत. मरियमच्या नावाची सूराही, म्हणजे अध्यायही, आहे. त्यामुळे विषय परका नव्हता. परकी होती ती रंगवायची तऱ्हा. शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जुल्फाचे आर्मेनियन व्यापारी इस्फहानजवळ आणून वसवले. त्यांच्या चर्चमधली चित्रं, युरोपातून येणारी छापील चित्रं, वकिलातींबरोबर आलेल्या भेटी, हे सगळं इस्फहानच्या चित्रकारांच्या नजरेखालून गेलं. मुहम्मद झमान हा त्यातला अग्रणी. सावली, दूरचा निळा डोंगर, घड्या पडलेलं वस्त्र हे त्याने इराणी चित्रात रुजवलं. तो रोमला जाऊन शिकला अशी कथा खूप फिरते, पण आजचे अभ्यासक ती मान्य करत नाहीत. त्याचा भाऊ हाजी मुहम्मद आणि मुलगा मुहम्मद अली यांनी ही तऱ्हा कलमदानांवर पुढे चालवली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत ती इतकी मुरली की कुणाला ती उसनी वाटेनाशी झाली.

लढायांची चित्रं खऱ्या लढायांची आहेत का?

पुष्कळदा हो. १५१४ ची चाल्दिरानची लढाई वारंवार दिसते. ती इराण हरला होता, पण चित्रात शाह इस्माईल एकटा तुर्कांच्या फळीत घुसलेला असतो. १७३९ ची कर्नालची लढाई, नादिरशाह विरुद्ध मुहम्मदशाह, ही दुसरी आवडती. तिच्यातल्या हत्तींवरून ती लगेच ओळखू येते. त्याच नादिरच्या स्वारीने पहिल्या बाजीरावांच्या पुण्यातही काळजी पसरली होती, हे लक्षात ठेवून ते चित्र बघितलं की फार जवळचं वाटतं. दोन्ही लढाया इस्फहानच्या चेहेल सुतून महालाच्या भिंतींवरही आहेत. भिंतभर मावणारी लढाई वीतभर पेटीवर उतरवायची म्हणजे घोड्याचं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं होतं.

इस्लाममध्ये चित्रं निषिद्ध ना?

मशिदीत आणि कुरआनाच्या प्रतीत माणसांची चित्रं नसतात. पण घर, दरबार, काव्याची पोथी आणि रोजच्या वापराच्या वस्तू यांवर ती इराणात शतकानुशतकं होती. ज्याला नको असतील तो फुलांचं किंवा नुसत्या अक्षरांचं कलमदान घेई. लेखणीची तर कुरआनात शपथच घेतलेली आहे : अडुसष्टावी सूरा, तिचं नावच ‘अल-कलम’. लेखणी ठेवायची पेटी सजवणं हे पुण्याचं काम वाटण्यात नवल नाही.

सही कुठे आणि कशी असते?

बहुधा वरच्या बाजूला, चित्रातच, बारीक सोनेरी किंवा काळ्या अक्षरांत. पण नाव सरळ लिहायची रीत कमी. चित्रकार आपलं नाव प्रार्थनेत दडवतो. नजफ अली ‘या शाह-ए-नजफ’ लिहितो, म्हणजे हाक हजरत अलींना आणि नाव स्वतःचं. मुहम्मद झमान ‘या साहिब-अल-झमान’, मुहम्मद सादिक ‘या सादिक-अल-वअद’. अली अशरफची ओळ सगळ्यांत देखणी : ‘झ बअद-ए मुहम्मद, अली अशरफ अस्त’. मुहम्मदानंतर अली श्रेष्ठ. आणि तीच ओळ दुसऱ्या ठिकाणी तोडली की ‘मुहम्मद अलीनंतर अशरफ’. गुरूचं नाव, आपलं नाव आणि श्रद्धा, तीन गोष्टी एका ओळीत.

नजफ अलीचं घराणं एकोणिसाव्या शतकातल्या इस्फहानचं. त्याचा भाऊ मुहम्मद इस्माईल, मुलगे काझिम, जाफर, अहमद, सगळे याच कामात.

त्यावरचं साल कसं वाचायचं?

ते हिजरी, म्हणजे चांद्र वर्ष. ढोबळ हिशोब असा : साल भागिले ३३, आलेला आकडा सालातून वजा, आणि त्यात ६२२ मिळवा. १२८२ असेल तर ३३ ने भागून ३९ येतात, १२४३ उरतात, अधिक ६२२ म्हणजे १८६५. मोडी कागदांतले सुहूर सन सोडवणाऱ्यांना हे दोन दिवसांत जमेल.

माझ्याकडचं कलमदान इराणी की काश्मिरी?

भारतातल्या घरांत सापडतं ते बहुधा काश्मिरी. तिकडच्या कागदकामाचं जुनं नावच ‘कार-ए-कलमदानी’ होतं, इतकं ते या पेटीशी जोडलेलं. शालीवरची कोयरी आणि बारीक फुलांनी सगळी जमीन भरून काढलेली असेल, माणसं नसतील किंवा अगदी साचेबंद असतील, तर काश्मीर समजा. इराणी कामात मोकळी जमीन, छायाप्रकाश आणि कथेचा प्रसंग दिसण्याची शक्यता जास्त. मात्र एवढ्यावरून छातीठोक सांगू नये.

आणखी एक नातं जवळचं आहे. इराणात याच पद्धतीने ‘आस-नास’ नावाच्या खेळाची पानंही रंगवत, वर रोगण देऊन. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाचं नाव फारसीच; तिथली गोल पानं हाताने रंगवून त्यांवर लाखेचा थर देतात. इराणी सिंह आणि सावंतवाडीचे दशावतार दिसायला वेगळे, पण रंगवलेल्या कागदाला टिकाऊ करायची गरज एकच.

जुनं कलमदान पिवळं का दिसतं? साफ करू का?

करू नका. पिवळं झालंय ते रोगण. त्याखालचा निळा आता हिरवट दिसतो आणि पांढरा साईसारखा. मोठ्या संग्रहालयांतही ते काढताना दहा वेळा विचार करतात, कारण रोगणाबरोबर सोनं निघून येतं.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचं एक काश्मिरी कलमदान आहे. एका पावसाळ्यात बुरशी दिसली म्हणून मी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि खिडकीत उन्हाला ठेवलं. संध्याकाळी कडेला केसाएवढी भेग होती. आठवडाभरात त्या भेगेपाशी रोगणाचा नखाएवढा पापुद्रा उचलला गेला आणि एका फुलाची निम्मी पाकळी त्याच्यासोबत गेली. ते मला आजही टोचतं. कागद ओलाव्याने फुगतो, उन्हाने आकसतो, रोगण मात्र तेवढं ताणलं जात नाही. म्हणून मऊ कोरडा ब्रश, सुती कापडाची गुंडाळी, कपाटात सिलिका जेलची पुडी, आणि अडकलेला खण कधीही ओढायचा नाही. पावसाळा सरला की तो आपसूक सैल होतो.

विकत घेताना फसगत कशी टाळायची?

मोठी सही दिसली की आधी संशय घ्या. नावाजलेल्या चित्रकारांच्या सह्या नंतर घातल्या गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. भिंगाने बघा, सही रोगणाच्या खाली आहे की वर? खण बाहेर काढून कडा बघा : रोज सरकून घासलेल्या जागी झीज असते, दौतीपाशी शाईचे डाग असतात. आत स्वच्छ आणि बाहेर भेगाळलेली पेटी मला कधीच पटत नाही.

ही कला संपली का?

पोलादी टाक आणि मग फाउंटन पेन आलं, आणि पेटीचं रोजचं काम संपलं. इस्फहानात रोगणी काम आजही होतं, पण गिऱ्हाईक लिहिणारं राहिलेलं नाही. त्याच सुमाराला जुनी कलमदानं युरोपात निघाली. लंडनच्या संग्रहात आलेल्या बऱ्याच इराणी वस्तू रॉबर्ट मर्डॉक स्मिथ या अधिकाऱ्याने १८७० नंतरच्या काळात जमवलेल्या. तो तेहरानात हिंदुस्थान सरकारच्या तार खात्याच्या इराणी शाखेचा प्रमुख होता.

प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

तेहरानात रझा अब्बासी संग्रहालय, मलिक संग्रहालय आणि गुलिस्तान महाल. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियम. न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन. यांतल्या अनेकांचे संग्रह घरबसल्या मोठे करून बघता येतात. बघताना कडेचे फोटो आधी उघडा, आणि जाताना सोबत छोटी दुर्बीण न्या. काचेपलीकडच्या नखाएवढ्या माणसांसाठी तिचा फार उपयोग होतो.